बांधावरची भाजी आणि ताटातले शास्त्र



श्रावणात भाताची लावण उरकलेली असते. माळावर नाचणीची रोपे डोके वर काढतात, भांगलणीला अजून चार दिवस अवकाश असतो. अशा वेळी तालुक्याच्या ठिकाणी एक लहानसा मांडव पडतो. आत लांबलचक टेबले, टेबलांवर पाट्या आणि सुपे. एका पाटीत कुर्डू, दुसरीत टाकळा, पलीकडे भारंगी, पाथरी, घोळ, करटुली, आळू, बांबूचे कोंब. प्रत्येक पाटीपुढे पुठ्ठ्यावर लिहिलेले असते : भाजीचे नाव काय, कुठे उगवते, कोणता भाग खायचा, कशी करायची. हाच तो रानभाजी महोत्सव. राज्याच्या कृषी विभागाने २०२० सालापासून ऑगस्ट महिन्यात, ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास, जिल्ह्या-तालुक्यांच्या गावी तो भरवायला सुरुवात केली.

आपल्या पाटण भागात यावर हमखास एक प्रश्न येतो. मला तो बाजारात विचारला गेला आहे, एस.टी.त विचारला गेला आहे, एकदा तर भर ग्रामसभेत विचारला गेला. "साहेब, बांधावरच्या पाल्याचा कसला वो महोत्सव? आमची म्हातारी रोज आणती की!"

प्रश्न खरा आहे. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून रेडिओवर सांगायचे राहिले ते या पत्रिकेत सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट अशी की हा महोत्सव नवा असला, तरी अशा सणाची आपल्याला सवय जुनी आहे. भाद्रपदातली ऋषिपंचमी आठवून पाहा. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, असा बायकांचा नेम. म्हणजे नांगरटीचे धान्य बाजूला, आणि ताटात काय, तर परसातले, बांधावरचे, वेलावरचे. अळू, माठ, भोपळा, पडवळ, कंद, असे जे मिळेल ते एकत्र शिजवलेली ऋषीची भाजी. वर्षातून एक दिवस घराघरात ही भाजी करायची, म्हणजे कोणता पाला खाण्याचा आणि कोणता टाकण्याचा, हे आईने लेकीला दाखवायचे. दर वर्षी उजळणी. उपासाच्या वऱ्याचेही तसेच. भाताच्या बरोबरीने भाव न मिळणारे हे धान्य वरकस जमिनीत अजून तग धरून आहे, त्याला उपासाचा आधार मोठा आहे.

आणि भोगी. संक्रांतीच्या आदल्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, आणि घेवडा, पावटा, वांगे, गाजर, ओला हरभरा अशी मिसळीची भाजी. थंडीत अंगाला स्निग्ध आणि उष्मा देणारे अन्न हवे. ते बाजरी, तीळ आणि लोणी यांतून मिळते. धान्याच्या प्रथिनात जे उणे असते ते कडधान्य भरून काढते, हे तर आता शाळेच्या पुस्तकातही आहे. भोगीचे ताट बांधणाऱ्या बाईला प्रथिन हा शब्द माहीत नव्हता. ताट मात्र बरोबर होते.

जुने ते सगळे सोने, असे मात्र मी म्हणणार नाही. सणाचे ताट एक दिवसाचे असे. ज्येष्ठ-आषाढात कणगीचा तळ दिसू लागला, की डोंगरातली माणसे कडवे कंद उकरून खात, ती आवडीने नव्हे. अंधार पडला की पोराला दिसत नाही, ते भिंतीला धडकते, याला रातांधळेपण म्हणत आणि नशिबाचा भाग समजत. दारात शेवग्याचा पाला, बांधावर माठ आणि तांदुळजा. तरीही लहान पोराला पालेभाजी बाधते म्हणून देत नसत. त्या पाल्यातून मिळणाऱ्या अ जीवनसत्त्वाच्या अभावाने पोरांचे डोळे जात होते. देशात लहान मुलांना अ जीवनसत्त्वाचे डोस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तो १९७० साली. तेव्हा ताट जुने चांगले होते खरे, पण ते का चांगले हे ठाऊक नसले, की नेमके ज्याला द्यायचे त्यालाच ते मिळत नाही. इथे शास्त्राची गरज लागते.

हे शास्त्र कुठून आले, त्याची गोष्ट आपल्या भातवाल्या मंडळींना आवडेल, कारण ती तांदळाची आहे आणि कोंबड्यांचीही.

जावा बेटावर डच लोकांचे राज्य होते. तिथे बेरीबेरी नावाचा रोग माजला होता. पाय लुळे पडत, माणूस उठू शकत नसे, मरे. १८९० च्या सुमारास आइकमान नावाचे डॉक्टर तिथे जंतूचा शोध घेत होते. प्रयोगासाठी पाळलेल्या कोंबड्या अचानक लंगडू लागल्या. काही दिवसांनी, काही औषध न देता, त्या आपोआप बऱ्या झाल्या. चौकशी केली तेव्हा कळले, की मधल्या काळात त्यांना लष्करी दवाखान्याच्या स्वयंपाकघरातला उरलेला, गिरणीत पांढराशुभ्र सडलेला तांदूळ घातला जात होता. पुढे नवा आचारी आला. लष्कराचा तांदूळ बिनलष्करी कोंबड्यांना कशाला, म्हणून त्याने तो बंद केला. कोंबड्यांना पुन्हा साधा, कोंड्यासकट तांदूळ मिळाला आणि त्या चालू लागल्या! आचाऱ्याच्या कंजूषपणाने जगाला केवढी मोठी गोष्ट दाखवली बघा. कोंड्यात काहीतरी आहे, ते अगदी थोडे लागते, पण नसले तर माणूस मरतो. फुंक नावाच्या शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये अशा द्रव्यांना व्हिटॅमिन हे नाव दिले. आपण त्याला जीवनसत्त्व म्हणतो. आइकमान यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्यात त्यांचे वाटेकरी होते केंब्रिजचे हॉपकिन्स. हे दुसरे नाव लक्षात ठेवा, त्यांच्याकडे परत यायचे आहे.

आपल्या आजीच्या उखळात सडलेला हातसडीचा तांदूळ लालसर दिसे, कारण त्यावर कोंड्याचा पापुद्रा राही. गिरणी आली, तांदूळ मोत्यासारखा झाला, कोंडा म्हशीला गेला. म्हैस धडधाकट राहिली. आजही इंद्रायणी भरडायला नेताना गिरणीवाल्याला "एकच हात मारा" म्हणून सांगा. भात जरा खरखरीत लागेल, टिकायलाही थोडा कमी टिकेल, म्हणून एकदम सगळा भरडू नका, महिन्या-दोन महिन्यांपुरता भरडा.

आपल्या देशात हे काम १९१८ साली निलगिरीतल्या कुन्नूर इथे सुरू झाले, एका खोलीत. मॅककॅरिसन नावाच्या डॉक्टरांनी बेरीबेरीची चौकशी करायला ती खोली घेतली होती. पुढे त्यांनी एक गमतीचा, पण फार महत्त्वाचा प्रयोग केला. उंदरांचे गट पाडले आणि प्रत्येक गटाला हिंदुस्थानातल्या एकेका प्रांताचे जेवण घातले. शिखांचे, पठाणांचे, मराठ्यांचे, कानड्यांचे, बंगाल्यांचे, मद्राशांचे. काही आठवड्यांनी वजने केली. गव्हाची पोळी, दूध, डाळ, भाजी असे शिखांचे जेवण खाणारे उंदीर सर्वांत भरले, पॉलिश तांदळावरचे सर्वांत वाळले. आपले मराठी जेवण तिसरे आले. म्हणजे पास झालो, पण पहिला नंबर हुकला! शिखांच्या ताटात दूध आणि पालेभाजी भरपूर असे. आपल्याकडे दूध तेव्हा घरात थोडेच राही, आणि आता तर ते डेअरीच्या कॅनमधून थेट गावाबाहेर जाते. त्याविषयी कधीतरी वेगळे लिहावे लागेल.

कुन्नूरची ती खोली वाढत गेली. १९५८ मध्ये संस्था हैदराबादला गेली आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली. आपण कोणते धान्य खाल्ले की काय मिळते, याचे तक्ते तिथे तयार होतात. त्याच कुन्नूरमध्ये आपल्या एका मराठी बाईंनीही काम केले आहे. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. जन्म १९११. मुंबईची पदवी उत्तम रीतीने मिळवून त्या १९३३ साली बंगलोरच्या विज्ञान संस्थेत शिकायला गेल्या, तर बाई आहेत म्हणून त्यांना नकार मिळाला. आणि नकार देणारे कोण, तर खुद्द सी. व्ही. रामन. बाई हटल्या नाहीत. मग अटी घालून त्यांना घेतले. तिथे त्यांनी दुधातल्या आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केले. पुढे केंब्रिजला गेल्या, वर सांगितलेल्या हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत, आणि १९३९ मध्ये डॉक्टरेट घेऊन परतल्या. परदेशात राहता आले असते. पण त्या परत येऊन कशावर काम करत बसल्या, तर आपल्या डाळींवर, नीरेवर, गोरगरिबांच्या ताटात जे पडते त्यावर. नीरेवरच्या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपती पारितोषिक मिळाले. उतारवयात त्या ग्राहक चळवळीत शिरल्या आणि अन्नातली भेसळ ओळखायच्या सोप्या रीती लोकांना सांगत राहिल्या. १९९८ साली त्या गेल्या. आपल्या मुलींच्या शाळेत त्यांचा फोटो क्वचितच दिसतो.

आता आपल्या अंगणात येऊ.

पाटण तालुका म्हणजे कोयना, केरा, मोरणा, वांग आणि तारळी यांची खोरी. नदीकाठी भात, वर डोंगरउतारावर वरकस जमीन. त्या वरकसात नाचणी, वरी, सावा. खाली भात विकायला, वर नाचणी खायला, असा हिशेब होता. कोयनेचे धरण झाले, शिवसागरात खोऱ्यातली चांगली जमीन बुडाली. १९६७ च्या ११ डिसेंबरला भूकंपाने घरे पाडली. ज्यांची खाचरे गेली ती माणसे वरच्या वरकसावर जगली, असे जुनी माणसे सांगतात.

मग १९७२ चा दुष्काळ आला. आपल्या घाटमाथ्यापेक्षा माण-खटावकडे त्याची झळ जास्त, पण रेशनचे धान्य सगळीकडे सारखेच. बाहेर देशाहून आलेली लाल मिलो ज्वारी आणि दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी ज्यांनी खाल्ली, त्यांच्या तोंडी ती नावे अजून आहेत. त्या धान्याने माणसे जगवली, हे विसरून चालणार नाही. संकरित बियाणे, खत, पाणी यांनी कणगी भरली, हेही खरे. आमच्या खात्याचा त्यात मोठा वाटा आहे. पण पोट भरण्याच्या घाईत भरड धान्य मागे पडले. रेशनला गहू-तांदूळ स्वस्त मिळू लागला, तेव्हा उन्हातान्हात नाचणी कापून, मळून, जात्यावर दळणार कोण? ज्याच्या घरी नाचणीची भाकरी, तो गरीब, असे होऊन बसले. पाहुणे आले की भाकरीची परडी आत सरकवायची.

इथे मला स्वतःची एक चूक सांगायची आहे. नोकरीची पहिली दोन-तीन वर्षे होती. मोरणेच्या खोऱ्यातल्या एका वाडीवर मी माळावर बैठक घेतली आणि सांगितले, "नाचणीत काय ठेवलंय? सोयाबीन करा, चार पैसे दिसतील." चार-पाच जणांनी ऐकले. पहिल्या वर्षी पैसे दिसलेही. दुसऱ्या वर्षी पाऊस असा लागला, की उताराच्या वावरात पाणी वाहत राहिले, शेंगा जागेवर कुजल्या आणि माती ओढ्याला गेली. नाचणीचे दाट मूळ ती माती धरून ठेवत होते, हे मला पुस्तकातून माहीत होते. वावरात उभा असताना आठवले नाही. त्यातल्या एकाही घरात पुढच्या वर्षी पेरायला नाचणीचे बी उरले नव्हते. त्यांनी मला दोष दिला नाही, उलट चहा दिला. तो चहा मला अजून आठवतो.

पुढे वारे फिरले. केंद्र सरकारने २०१८ मध्ये भरड धान्यांना पौष्टिक तृणधान्ये असे नाव दिले आणि ते वर्ष त्यांचे म्हणून पाळले. भारताच्या सूचनेवरून संयुक्त राष्ट्रांनी २०२१ साली ठराव केला आणि २०२३ हे वर्ष जगभर तृणधान्यांचे वर्ष झाले. त्या वर्षी आपल्या कृषी विभागाने भोगीचा दिवस पौष्टिक तृणधान्य दिन म्हणून साजरा केला. म्हणजे ज्या भाकरीची परडी आपण आत सरकवत होतो, तीच मांडवात दर्शनी ठेवली गेली. हैदराबादच्या संस्थेने २०१७ मध्ये छापलेल्या तक्त्यात पाहा : शंभर ग्रॅम नाचणीत चुना, म्हणजे कॅल्शियम, साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर, तेवढ्याच पॉलिश तांदळात दहाच्याही आत. बाळंतिणीला आणि वाढत्या पोराला नाचणीचे सत्त्व का देत, ते या दोन आकड्यांत आहे. सत्त्व करण्याची रीतही शास्त्राला धरून आहे. नाचणी रात्रभर भिजवायची, ओल्या फडक्यात बांधून एक-दोन दिवस मोड आणायचे, सावलीत वाळवून, हलकी भाजून, मोड चोळून काढायचे आणि दळायचे. मोड आले, की धान्यातले लोह अडवून धरणारे द्रव्य कमी होते आणि पिठाची लापशी पातळ राहते. पातळ राहिली, की बाळाच्या इवल्या पोटात पीठ जास्त जाते. बाजारच्या डब्यावर पैसे घालायची गरज नाही.

आता रानभाज्यांकडे परत. महोत्सवात पुठ्ठ्याच्या पाट्या आम्ही लिहितो, पण मजकूर आमचा नसतो, तो डोंगरातल्या बायकांचा असतो. आळूने घसा खाजतो, कारण त्यात सुईसारखे बारीक स्फटिक असतात. म्हणून चिंच किंवा आमसूल घालून चांगले शिजवायचे. बांबूचा कोंब चिरून उकळायचा आणि ते पाणी फेकून द्यायचे, त्यात विषारी अंश उतरतो. टाकळा आणि कुर्डू कोवळा असतानाच खुडायचा. पालेभाजीवर लिंबू पिळायचे आणि जेवणावर लगेच चहा प्यायचा नाही, म्हणजे भाजीतले लोह अंगी लागते. ज्या बाईच्या अंगात रक्त कमी, तिने हे मनावर घ्यावे. अनोळखी कंद मात्र जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय चुलीवर ठेवू नये. कळलावीचे फूल सुंदर दिसते, पण तिचा कंद जीव घेतो, आणि उकरलेला कंद नवख्याला खाण्याच्या कंदासारखाच वाटतो.

एका वर्षीची गोष्ट सांगतो. एका पोराने टाकळ्याचा भला मोठा भारा आणला. हिरवागार दिसत होता. मी पाटी लिहायला घेतली. शेजारच्या टेबलावर एक आजी बसल्या होत्या, त्यांनी एक डहाळी उचलली, उन्हाकडे धरली आणि पोराला विचारले, "कुठल्या बांधावरची रं?" पोराने जागा सांगितली. आजी म्हणाल्या, "तिथं परवा औषध मारलंय की. ह्यो शेंडा बघ, पिवळा पडाय लागलाय. टाक जा खड्ड्यात." तणनाशक मारलेला बांध होता. बी.एस्सी. अ‍ॅग्री मी, आणि पाटी लिहून त्याला पास करत होतो! त्या दिवसापासून मांडवात प्रत्येक भाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारला जातो. तुम्हीही घरी विचारा. बांधावर औषध मारले असेल, तर त्या हंगामात त्या बांधाची भाजी खायची नाही, गुरालाही घालायची नाही. आणि ज्या बांधावर भारंगी, कुर्डू, पाथरी येते, तो एखादा तरी बांध औषधाविना ठेवा, खुरप्याने भांगला. खुडताना मुळासकट उपटू नका, बी धरायला चार झाडे सोडा. महोत्सवाच्या नावाखाली आपणच डोंगर ओरबाडला, तर पुढच्या वर्षी टेबलावर ठेवायला काही उरणार नाही, ही भीती मला खरोखर वाटते. गेल्या काही वर्षांत शहरातले व्यापारी करटुली पोत्यांनी मागू लागले आहेत.

नाचणी पुन्हा करायची असेल, तर कोल्हापूरच्या संशोधन केंद्राने काढलेल्या फुले नाचणी आणि फुले कासारी या जाती आहेत, वरीत फुले एकादशी आहे. लावणीसाठी हेक्टरी चार-पाच किलो बी पुरते. जूनच्या आरंभी रोप टाका, महिन्याच्या आत लावा. पण घरचे जुने बी कुणाकडे असेल, तर तेही एका कोपऱ्यात राखून ठेवा.

त्याच आजींकडे मला घरचे बी मिळाले. डब्यात राख कालवून ठेवलेली लाल नाचणी. सोयाबीन करायला लावलेल्या त्या वाडीसाठी मी बी मागितले. पैसे देऊ केले, तर त्या रागावल्या. बियाण्याचे पैसे घेत नाहीत म्हणाल्या. मापटे भरून दिले आणि सांगितले, सुगीला दोन मापटी आणून घाला. वाडीवरच्या दोघांनी ते लावले. पहिल्या सुगीला त्यांच्याकडून एक मापटे परत गेले. दुसरे यंदा द्यायचे आहे, आणि आजींनी परवाच्या बाजारात त्याची आठवण करून दिली.